लाल रिबीन, पांढरी रिबीन

४ फेब्रुवारी

प्रिय खंड्या,

भिंगरीचा फोटो मिळाला. निळा फ्रॉक तिला शोभून दिसतोय, आणि हे मी स्वतः शिवलाय म्हणून म्हणत नाही. बरं, म्हणूनच म्हणतेय. तुझ्या भाऊजींना दाखवला. अर्धांग झाल्यापासून त्यांचं बोलणं फक्त मला कळतं, पण फोटो बघून ते हसले हे कुणालाही कळलं असतं.

आता मुद्द्याचं. तिचा जुना पिवळा फ्रॉक तू उंची वाढवायला पाठवलास, तो मी काल उसवायला घेतला. त्याची कॉलर उजव्या बाजूला पार झिजलीय. रंग उडालाय, धागे सुटलेत. डावी बाजू मात्र कोरी करकरीत. पोरं कॉलर चघळतात, ओढतात, तिला नाक पुसतात, हे सगळं मी आयुष्यभर बघत आले. हे त्यातलं नाही. हे हनुवटी आणि गाल घासून झालंय, रोज, एकाच जागी.

मग मी फोटो पुन्हा हातात घेतला. फोटोत तिचा चेहरा सरळ आहे. पण मागे तुझ्या खोलीतला दिवा लोंबतोय ना, त्याची वायर तिरकी आहे. खोलीत वादळ आलं होतं का रे? लोंबती वायर तिरकी राहत नाही. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा तिरका धरला तरच ती तिरकी दिसते. शिंपीण असले तरी एवढं कळतं मला.

भिंगरी जन्मली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, मानेचा एक स्नायू आखडलाय, व्यायामाने सुटेल. तिची आई दिवसातून तीनदा तिची मान ताणायची. मग ती गेली. तेव्हा मी येऊन गेले ते शेवटचंच. महिन्याभरात इकडे यांना झटका आला आणि मी या घराला बांधली गेले. पुढे तुला मानेचं विचारलं तर तू म्हणालास, 'सुटली.' मी विश्वास ठेवला.

फोनवर तू फक्त 'हं' म्हणतोस, म्हणून लिहून विचारतेय. पोरीची मान अजून वाकडी आहे का?

ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. भाऊजींना नमस्कार सांग.

इकडे सगळं ठीक आहे. दुकानात पासपोर्टच्या फोटोंची गर्दी आहे. भिंगरी शाळेतून थेट दुकानात येते, पडद्यामागे बसून चित्रं काढते. मागच्या आठवड्यात तिने एका गिऱ्हाइकाला सांगितलं, 'हसू नका, हसलं की बाबा परत काढायला लावतात.' बरोबरच होतं तिचं.

मानेचं म्हणशील तर तिला एका बाजूला कलून बघायची सवय आहे. सवयच आहे. मोठी झाली की जाईल. तू शिवणाच्या मशीनवर जीभ बाहेर काढून बसायचीस तशी.

वायरचं मी बघितलं नव्हतं.

खंड्या


२५ फेब्रुवारी

खंड्या,

जीभ मी अजूनही बाहेर काढते. माझी जीभ आखडलेली नाही.

सोबत दोन रिबिनी पाठवतेय, लाल आणि पांढरी. लाल उजवीसाठी, पांढरी डावीसाठी. भिंगरीला गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसव. 'सरळ बस' असं मुळीच सांगू नकोस, ती बसेल तशी बसू दे. मग कानाच्या पाळीपासून खांद्याच्या हाडाच्या टोकापर्यंत रिबीन धर आणि काप. उजवीकडे लाल, डावीकडे पांढरी. दोन्ही तुकडे मला पाठव. आकडे नकोत. तुझ्या आकड्यांवर शिवलेली पाटलोण दहावीत तुलाच झाली नव्हती.

एवढं कर. मग मी काही बोलणार नाही. (बोलेन, पण नंतर.)

ताई


३० मार्च

प्रिय ताई,

उशीर झाला. रिबिनी सोबत आहेत.

लाल तीन बोटं लहान आहे. मला वाटलं माझा हात हलला, म्हणून पुन्हा मापलं. तीनच बोटं. ते दोन तुकडे काउंटरवर शेजारी शेजारी पडले होते आणि मी बराच वेळ उभा होतो. काही वाटलं असं नाही. नुसताच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी तिला मुलांच्या हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या आहेत, हळू बोलतात. त्यांनी आधी मणक्याचा एक्स-रे काढला, डोळे तपासून घेतले, कारण कधीकधी दोष तिथे असतो. दोन्ही ठीक आहेत. दोष उजव्या बाजूच्या स्नायूतच आहे, कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत येतो तो. त्यांनी माझं बोट धरून तिच्या मानेवर ठेवलं. आत ताणलेल्या दोरीसारखं लागतं. रोज तिचे केस विंचरतो मी, पण तिथे कधी बोट ठेवलं नव्हतं.

चेहऱ्यात फरक कधीपासून पडला ते बघायला त्यांनी जुने फोटो मागितले. उजवा गाल थोडा चपटा आहे तिचा, एक डोळा किंचित खाली. मी तीसेक फोटो घेऊन गेलो. त्यांनी टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि म्हणाल्या, 'चेहरा तर सगळ्यांत सरळ आहे. तुमचं घरच उतरतं दिसतंय.' दारं तिरकी, खिडक्या तिरक्या, कपाट पडायला आलेलं. मला सांगावं लागलं की तिचा फोटो काढताना मी कॅमेरा तिच्या मानेएवढा कलता करतो. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, सवय लागली. मुद्दाम असं कधी केलं नाही, ताई. डोळ्याला तिचा चेहरा उभा दिसेपर्यंत हात आपोआप फिरतो.

भिंगरी म्हणाली, 'आमचं घर फोटोत नेहमी पडतं.' तिला त्यात काही विशेष वाटत नाही.

शस्त्रक्रिया करायला सांगितलीय. दुर्बिणीतून करतात. कानामागे केसांत दोन बारीक छेद, त्यातून कॅमेरा आणि हत्यार आत जातं, आखडलेला पट्टा सोडवतात. गळ्यावर वण राहत नाही. या वयात केली तर चेहराही पुष्कळसा भरून येतो, फार थांबलं तर येत नाही. मेमधली तारीख दिलीय.

त्यांनी विचारलं, लहानपणी व्यायाम केले नव्हते का? मी म्हटलं, हिने केले होते, उपयोग झाला नाही.

खंड्या


७ एप्रिल

प्रिय खंड्या,

रिबिनी बघितल्या. रागावणार होते. पण तू लिहिलंस ना, नुसताच उभा होतो, ते वाचून राग गिळला.

तारीख घेतलीस हे फार चांगलं केलंस. आता ती बदलू नकोस. दुकान, पाहुणे, तुझं अंग कणकणतंय, कसलीही सबब सांगायची नाही.

सोबत तीन फ्रॉक आहेत, तिन्ही पुढून उघडणारे. शस्त्रक्रियेनंतर डोक्यावरून काही घालायला त्रास होईल तिला. बटणं मोठी लावलीत, तुझ्या जाडजूड बोटांचा विचार करून. कॉलर एकालाही नाही. गळ्याला पट्टा देतात म्हणे, त्याखाली काही टोचायला नको.

एक गोष्ट मनात येते ती लिहून टाकते. तिच्या आईने दिवसातून तीन तीन वेळा एवढं केलं आणि तरी गुण आला नाही. बिचारीचा हात मुळात हलका, पीठसुद्धा दाबून मळवत नसे तिच्याच्याने. पोर रडली की सोडून देत असेल. तिला दोष देत नाही मी, आईच ती. पण तेव्हा जरा कुणी घट्ट मनाचं जवळ असतं तर आज ही वेळ आली नसती, असं वाटत राहतं. असो. गेलेल्या माणसाचं काय बोलायचं.

तिला माझा पापा. तुला एक टपली.

ताई


१६ मे

प्रिय ताई,

झालं. आठव्या दिवशी लिहितोय.

फ्रॉक उपयोगी पडले. बटणं लागतात.

तासाभराचं काम होतं. नंतर डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या खोलीत नेऊन पडद्यावर आतलं चित्रण दाखवलं. मी फोटोवाला आहे हे त्यांच्या लक्षात होतं. पेन्सिलीएवढ्या नळीच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो. आत सगळं गुलाबी, ओलं, आणि मधून एक पांढरा पट्टा गेलेला. तो निराळा आहे हे मलाही कळलं. त्यांनी त्याच्या शेजारची एक बारीक नस दाखवली, तिला धक्का न लावता जायचं असतं. मग पट्टा थोडा थोडा तोडत गेल्या आणि शेवटी तो दोन्हीकडे मागे सरला. मी विचारलं, प्रकाश कुठल्या बाजूने येतो? त्या हसल्या. तेवढंच सुचलं मला. माझ्या मुलीची मान होती ती आणि मी प्रकाशाचं विचारत होतो.

छेद माझ्या नखाहून लहान आहेत. केस वाढले की दिसणारही नाहीत.

शुद्धीवर आल्यावर तिला पाणी हवं होतं. मग ती खोलीभर बघत म्हणाली, 'बाबा, घर वाकडं झालं.' दवाखान्याला ती घरच म्हणत होती. आता घरी आलोय तरी तेच म्हणते. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हे व्हायचंच. साडेचार वर्षं तिला कललेलं तेच सरळ वाटत होतं, आता डोळ्यांनी नव्याने शिकायला हवं. त्यासाठी आरशावर उभी पट्टी चिकटवायची आणि नाक त्या पट्टीवर आणायचं. मी दुकानातल्या आरशावर लावलीय, गिऱ्हाइकं केस विंचरतात त्या. आता येणारा प्रत्येक माणूस आपणहून सरळ होतो. माझं अर्धं काम कमी झालं.

गळ्याला पट्टा आहे. टाके सुकले की मान ताणण्याचे व्यायाम सुरू करायचे, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी तीस आकडे मोजेपर्यंत धरायचं, आणि असं दहा वेळा. सहा महिने. बाईंनी दोनदा बजावलं की शस्त्रक्रिया म्हणजे अर्धंच काम. व्यायाम सोडला तर आतला वण आखडतो आणि मान परत ओढली जाते.

करीन.

खंड्या


२४ मे

प्रिय खंड्या,

तुझं पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'घर वाकडं झालं'ला हे हसले आणि मग डोळे पुसायला मला हात पुढे करावा लागला. त्यांचे आणि माझेही.

आता डोळ्यांत तेल घालून व्यायाम कर. यांना मी रोज दोन वेळा करवते, उजवा हात, उजवा पाय. शिव्या देतात मला. काय देतात ते नीट कळत नाही हेच एक बरं आहे.

दोन्ही रंगांच्या रिबिनींची रिळं पाठवतेय. दर महिन्याला दोन तुकडे. वाढदिवसाचा फ्रॉक मी त्यावरून कापणार आहे, यंदा कॉलरवाला, पांढऱ्या किनारीचा.

ताई


३ जुलै

प्रिय ताई,

तुकडे सोबत आहेत. दोन्ही सारखे आले.

दुकानात फार गडबड आहे. फोटो काढायला वेळ झाला नाही. भिंगरी मजेत.

खंड्या


१२ जुलै

खंड्या,

मी काय करते हे तू विसरलास.

दोन्ही रिबिनी सारख्या आहेत हे खरंय. लांबीला सारख्या, आणि टोकालाही सारख्या. दोन्हींच्या कडेला कात्री एकाच जागी अडकलीय, एक बारीकसा दात पडलाय, लालवर आणि बरोब्बर त्याच ठिकाणी पांढरीवर. एकावर एक ठेवून एकाच झटक्यात कापल्यात तू. मुलीच्या मानेपाशी बसून कापल्या असत्या तर दोन वेळा कात्री चालली असती.

आता मी ओरडत नाही, बघ. कापड हातात धरून बसलेय. फ्रॉक कापायचा राहिलाय.

यांच्या व्यायामाचं लिहिलं होतं ना तुला, ते सगळं खरं नव्हतं. पहिले तीन महिने मी काहीच केलं नाही. डॉक्टर विचारायचे, मी मान डोलवायचे. हात धरला की हे कण्हायचे आणि मी सोडून द्यायचे, वर स्वतःला सांगायचे की आज थकलेत. त्या तीन महिन्यांमुळे त्यांची बोटं कायमची मिटली. आता उघडत नाहीत. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, मुलांनाही नाही.

खरं माप पाठव. वाईट असलं तर वाईट. वाकड्या अंगाचा कपडा मला शिवता येतो. खोट्या मापाचा येत नाही.

ताई


९ ऑगस्ट

खंड्या,

पत्र नाही. फोन उचलत नाहीस. भिंगरीच्या शाळेत फोन केला, ती रोज येते म्हणाले. म्हणजे जिवंत आहात.

ताई


२१ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. पहिलं मी दुकानाच्या खणात ठेवलं आणि खण उघडायचं बंद केलं. पावत्या बाहेरच ठेवू लागलो. म्हणजे बघ.

आता सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर राहूनच जाईल.

टाके सुकल्यावर मी चार दिवस व्यायाम केले. ती रडली. ती पोटातून रडते, ताई, आवाज आधी येत नाही, तोंड उघडं राहतं आणि मग येतो. पाचव्या दिवशी मी तिला म्हटलं, आज सुट्टी. मग सुट्टीच झाली. व्यायामवाल्या बाईंकडे दर आठवड्याला जायचं होतं, तिथेही सांगितलं की गावाला जातोय.

आता पुढचं. पहिल्या वेळचं.

तू लिहिलंस की हिचा हात हलका होता. मी ते वाचलं आणि काही बोललो नाही. डॉक्टरांना तर मीच सांगितलं होतं, हिने केले, उपयोग झाला नाही. ते खोटं आहे. हिचा हात बरोबर होता. नवव्या महिन्यापर्यंत मान पुष्कळ सुटली होती, तेव्हाच्या डॉक्टरांनी मापून सांगितलं होतं, असंच चालू ठेवा, वर्षापर्यंत पूर्ण होईल. पोर रडायची आणि ही न थांबता मोजायची. तिचे स्वतःचे डोळे वाहत असायचे पण तीस झाल्याशिवाय सोडायची नाही. घट्ट मनाचं माणूस घरात होतं, ताई. ते मी नव्हतो.

एक दिवस सकाळी मी दुकानात निघालो होतो आणि आवाज सहन झाला नाही. मी दारातून ओरडलो, 'पुरे कर आता. मुलगी आहे का कणीक आहे ती?' ती मोजायची थांबली. पोरीला उचलून खांद्यावर घेतलं, माझ्याकडे बघितलंही नाही. बावीसपर्यंत मोजलं होतं. दुपारी तिला ताप चढला. पुढचे दहा दिवस तुला माहीत आहेत. त्या दहा दिवसांत ती शुद्धीवर कमीच होती आणि आमचं त्यावर बोलणं झालंच नाही. मी धड बोललेलं शेवटचं ते.

ती गेल्यानंतर एकदा मी पोरीला समोर घेऊन बसलो. मान धरली, एक, दोन म्हणायला लागलो, आणि बावीस येणार हे मला दिसायला लागलं. मी हात काढून घेतला. ते व्यायाम मी बंद केले. मी. मग ताई, तुला सांगितलं 'सुटली', आणि कॅमेरा कलता धरू लागलो.

दिवसाला चाळीस लोकांना मी सांगतो, मान किंचित डावीकडे, हनुवटी खाली, बस, हलू नका. माझ्या मुलीला एकदाही सांगितलं नव्हतं.

हे लिहूनही मला रडू येत नाही. लोक म्हणतात मोकळं वाटतं. मला काही वाटत नाही. पण लिहिलंय.

ऑगस्टच्या शेवटी खण उघडला. भिंगरीनेच उघडला, तिला खोडरबर हवा होता. तिला रिबिनी सापडल्या, रिळांवर उरलेल्या. म्हणाली, 'आत्याला माप पाठवायचं राहिलं ना?' स्टूल ओढून बसली. मी मापलं. लाल दोन बोटं लहान. शस्त्रक्रियेनंतर अर्ध्याच बोटाचा फरक राहिला होता, म्हणजे दीड बोट परत ओढलं गेलं होतं.

त्याच दिवशी दुकान बंद करून तिला बाईंकडे नेलं आणि खरं सांगितलं. मला वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी बोटाने वण चाचपला आणि म्हणाल्या, अजून मऊ आहे, अजून वेळ गेलेली नाही, पण आता एक दिवसही नाही सोडायचा. एवढंच बोलल्या. पुढच्या पेशंटला हाक मारली.

आज पंचवीस दिवस झाले. दिवसातून तीनदा. शाळेआधी, शाळेनंतर, जेवणाआधी. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, 'तू वाईट आहेस.' मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी चावली. तिसऱ्या दिवशी मी मोजत होतो आणि वीसपाशी माझा आवाज बंद झाला. हात तसाच होता, सोडला नव्हता, पण पुढचा आकडा तोंडातून निघेना. ती रडतच होती. रडता रडता चिडून म्हणाली, 'बाबा, एकवीस!' मग तीच म्हणाली, 'बावीस. तेवीस.' तिला वाटलं मला येत नाही. शाळेत तिला नुकतंच पन्नासपर्यंत शिकवलंय. तीसपर्यंत तिने मोजलं आणि मग मी सोडलं.

तेव्हा मला वाटलं, ताई. काय ते सांगता येणार नाही, पण वाटलं. मी तिच्या डोक्यावर तोंड टेकून बसलो आणि ती म्हणाली, 'अजून नऊ वेळा आहेत.'

आता रोज तीच मोजते. मुद्दाम भराभर मोजते आणि पकडली गेली की हसते. रडते सुद्धा. दोन्ही करते.

भाऊजींच्या बोटांचं कुणाला सांगणार नाही.

सोबत फोटो आहे. कॅमेरा स्टँडवर लावला आणि त्यावरचा, पातळी दाखवणारा पाण्याचा बुडबुडा मध्ये आणून मगच काढला. तिला म्हटलं, मान किंचित डावीकडे. तिने नाक आरशावरच्या पट्टीसमोर आणलं, एकदम सरळ, आणि वाट बघत राहिली. मी बटण दाबलं नाही. ती दमली, मान आपसूक जिथे जाते तिथे गेली, तेव्हा दाबलं. दिव्याची वायर बघ. उभी आहे.

रिबिनीही सोबत आहेत, वेगवेगळ्या कापलेल्या. लाल एक बोट लहान आहे. मी तीनदा मापलं.

फ्रॉक याच मापाने काप. फक्त उजव्या खांद्याला आत थोडं जास्तीचं कापड ठेव, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल.

खंड्या